तीन वाजताची एक रिंग

भुताची गोष्ट म्हटलं की लोक रात्र धरून चालतात. ही दुपारी तीनला घडली. लख्ख उन्हात, वाहत्या रस्त्याच्या कडेला, काचा बंद केलेल्या एका छोट्या पांढऱ्या गाडीत.

मी पदार्थविज्ञान शिकलेली मुलगी आहे. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. जे मोजता येत नाही ते मी सहसा लिहीत नाही. हे लिहितेय, कारण यातलं बरंचसं मी स्वतः मोजलंय. तारखा, वेळा, मिनिटं... सगळं वहीत आहे.

वही वाचून माझं समाधान होत नाही, हा भाग वेगळा.

हे घडलं माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. ती माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. घरात तिला सगळे ताईच म्हणतात, तिची आईसुद्धा. ताई नर्स आहे. दवाखान्यातली नोकरी सोडून ती घरोघरी जाते. जखमा बांधते, इंजेक्शनं देते, नळ्या बदलते. दिवसाला आठ-नऊ घरं. बहुतेक ठिकाणी एकटं राहणारं म्हातारं माणूस.

या माणसांसाठी तिने एक पद्धत पाडली होती.

ज्या दिवशी ती येणार नसे, त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या वेळी तिला फोन लावायचा. एकच रिंग वाजू द्यायची. मग कापायचा.

एक रिंग म्हणजे 'मी ठीक आहे.'

ताईने तो फोन उचलायचा नाही. उचलला की गप्पा, आणि गप्पा सुरू झाल्या की पुढच्या घरी उशीर. रिंग आलीच नाही, तर मात्र ती हातातलं काम टाकून गाडी वळवायची. सहा वर्षं ही पद्धत बिनबोभाट चालली.

तीन वाजताची रिंग घड्याळवाल्या आजोबांची होती.

आजोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद झाल्यावर उरलेली घड्याळं त्यांनी घरी आणून भिंतीवर लावली. अकरा घड्याळं, आणि अकरा वेळा.

"आजोबा, एक तरी बरोबर लावा की," ताई त्यांच्या पायाची जखम धूत म्हणायची.

"बरोबर वेळ कळायला तू आहेस ना, डॉक्टरीणबाई. एक दिवसाआड नऊला दारात. तुला चावी द्यावी लागत नाही, हा आणखी एक फायदा."

मग तो बुधवार आला.

तीनला फोन वाजला. ताई गाडी चालवत होती. फोन शेजारच्या सीटवर पडला होता. पडद्यावर नाव दिसलं... आजोबा.

एक रिंग.

दोन.

तीन...

विसरले वाटतं कापायला, असं तिच्या मनात आलं. फोन वाजत राहिला. वाजून वाजून आपोआप थांबला. ताईने हातही लावला नाही. सहा वर्षांची सवय होती ती. तीनचे आजोबा, ठीक. तिने मनातल्या मनात खूण केली आणि गाडी पुढे काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिने आपल्याकडच्या किल्लीने त्यांचं दार उघडलं.

आजोबा न्हाणीघरात पडलेले होते. वरचा नळ ठिबकत होता. हातातला फोन पाण्याने भरला होता. एकच फोन लागला असावा, त्यानंतर तो बंद पडला. बोटं मात्र बटणांवर तशीच होती.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर अडीच-पावणेतीन तास जीव होता.

ताईला कुणी दोष दिला नाही. आजोबांच्या पुतण्याने तर तिचे आभार मानले. तिला कुणीतरी चार शब्द सुनवायला हवे होते, असं मला अजून वाटतं. तेवढं कुणी केलं नाही. मग ते काम तिचं तीच करू लागली.

रिंगची पद्धत तिने त्याच आठवड्यात बंद केली. घरोघरी सांगितलं, आता खरा फोन करायचा. बोलायचं. मी उचलणार. गाडीत असले तरी उचलणार.

आणि मला फोन केला.

"घरातली शास्त्रज्ञ तू ना? चल माझ्याबरोबर. गाडीला स्टिरिओ घ्यायचाय. बिनवायरीचा, फोन जोडता येतो तसला."

"ताई, मी पाणी तपासते."

"मग दुकानदार बोलण्यात किती पाणी घालतो ते तपास. सोमवारी दुपारी ये."

दुकान म्हणजे एक लांबट गाळा. भिंतीवर स्पीकर आणि छताला सीटची कव्हरं टांगलेली. फिटर जाडजूड, मध्यमवयीन. वायर सोलायचा चिमटा कानावर पेन्सिलीसारखा अडकवलेला. त्याने काउंटरवर तीन स्टिरिओ मांडले.

"गाण्यांसाठी पाहिजे की बोलण्यासाठी?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"बोलण्यासाठी," ताई म्हणाली. "गाणं चालू असेल आणि फोन आला, तर गाणं थांबतं ना?"

"सगळ्यांत थांबतं."

"माझी बॅग मागे असेल तर?"

"मागे काय, डिकीत ठेवा. दहा मीटरपर्यंत पकडतो."

"आणि मी हात लावला नाही, तर आपोआप उचलतो का?"

फिटरने तिच्याकडे बघितलं. "अशी सोय असते. पण ताई, कुणी चालू करत नाही. गाडीत चारजण बसलेत, बायकोचा फोन आला, आपोआप उचलला गेला. ती काय बोलेल याचा नेम आहे का?"

मी हसले. ताई हसली नाही.

"कुठल्यात आहे?"

तिन्हींपैकी एकातच ती सोय होती. त्याला एकाच वेळी दोन फोन जोडता येत. ताईकडे फोन एकच होता. दुसऱ्याची गरज नव्हती. पण आपोआप उचलायची सोय त्याच्यातच होती, म्हणून तोच ठरला. दोन रिंग झाल्या की तो स्वतःच फोन उचलणार.

बसवायला तास गेला. फिटरने ताईचा फोन जोडून दिला. फोनवर एक आकडा येतो, तोच स्टिरिओवर येतो, दोन्हीकडे बटण दाबायचं. पडद्यावर आलं, 'फोन १ जोडला.'

फिटरने आवाज तपासला. ताईने बटणं समजून घेतली. हिरवं उचलायला, लाल कापायला.

तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला...

'फोन २ जोडला.'

नाव नाही. नंबर नाही. सिग्नलच्या रेघा पूर्ण. बॅटरीची रेघ एकच.

"शेजारच्या दुकानातला असेल कुणाचा," फिटर म्हणाला आणि त्याने तो काढून टाकला.

"पण दोन्हीकडे बटण दाबल्याशिवाय जोडला कसा जाईल?" मी विचारलं.

"मशीन नवीन आहे. करतं कधीकधी असं."

"शास्त्रज्ञबाई, उतरा आता," ताई म्हणाली. "मला चार घरं करायचीत."

दुकानाच्या पावतीवर वेळ छापलेली होती. मी ती पुढे कितीतरी दिवसांनी बघितली.

तीन वाजून शून्य मिनिटं.

मंगळवारी ताई सिग्नलला थांबली होती. गाडीतल्या चारही स्पीकरमधून एकदम रिंग वाजली. एकच. आणि थांबली. कुणाचा असेल म्हणून तिने फोन बघितला. फोनवर काहीच नव्हतं. स्टिरिओच्या पडद्यावर मात्र होतं... 'फोन २.'

बुधवारी पुन्हा तेच. एक रिंग. बंद.

गुरुवारी तिने आधी घड्याळाकडे बघितलं. तीनला दोन कमी होते. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

एक रिंग.

बंद.

तिला रडू आलं. मला हे सांगताना ती म्हणाली, भीती नव्हती गं वाटली. बरं वाटलं. रिकाम्या गाडीत ती मोठ्याने म्हणाली, "बरं आजोबा."

पुढे पाच दिवस हे असंच चाललं. तिने कुणाला सांगितलं नाही. ती नीट जेवू लागली होती. मावशीने मला फोन करून सांगितलं, ताई जरा माणसात आली बघ.

मग पुढचा बुधवार.

तीन वाजले. ताईने सवयीने गाडी कडेला घेतली होती.

एक रिंग.

दोन...

आणि स्टिरिओने फोन उचलला.

आधी काहीच आवाज आला नाही. मग मागच्या डाव्या स्पीकरमधून एक थेंब पडल्यासारखा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरा. मग ओल्या फरशीवर कापड घासल्यासारखं काहीतरी. आणि या सगळ्यामागे, अगदी बारीक, एकमेकांशी न जुळणारी टिकटिक. एका घड्याळाची नव्हे. कितीतरी घड्याळांची.

"आजोबा?" ताई म्हणाली.

कापड घासायचं थांबलं.

"आजोबा, मी आहे. मी उचललाय."

श्वास ऐकू आला. लांब, अडकत अडकत घेतलेला. शब्द एकही नाही.

ताई तिथून हलली नाही. पडद्यावर मिनिटं मोजली जात होती. अर्धा तास झाला. तास झाला. ती मधूनमधून बोलत होती, घाबरू नका, मी आहे. श्वास हळूहळू विरळ होत गेला. शेवटी तो आलाच नाही. थेंब मात्र पडत राहिले. मग फोन आपोआप बंद झाला.

दोन तास एक्केचाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा दोन रिंग. पुन्हा तोच नळ. पुन्हा तोच श्वास, पहिल्यापासून.

आता ताई रोज तीन ते पावणेसहा रस्त्याच्या कडेला बसू लागली. दुपारची घरं राहू लागली. आणि एक गोष्ट तिच्या लक्षातच आली नव्हती. स्टिरिओवर फोन २ चालू असला, की फोन १ त्यावर वाजत नव्हता. तिचा स्वतःचा फोन मागे बॅगेत, आवाज बंद करून ठेवलेला. गाडीत स्टिरिओ आहे म्हणून.

त्यातल्याच एका दुपारी टायपिस्ट काकूंनी तिला तीन वेळा फोन केला होता. काकू सत्तरीच्या. जन्मभर कचेरीत टाइप केलं. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, आणि जीभ अजून टाइपरायटरसारखी चालते.

"आम्हाला म्हणालीस, खरा फोन करा," संध्याकाळी काकूंनी तिला सुनावलं. "केला. साखर खाली गेली होती, घाम फुटला होता. शेवटी गूळ शोधून खाल्ला आणि पडून राहिले. तुझी ती एक रिंगच बरी होती बाई. निदान तू उचलशील अशी आशा तरी नसायची."

ताईला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या रात्री ती माझ्याकडे आली आणि तिने सगळं सांगितलं.

माझा विश्वास बसला नाही. पण ताई खोटं बोलणाऱ्यातली नाही. म्हणून मी मोजायचं ठरवलं.

पहिलं काम, मी आजोबांच्या पुतण्याकडे गेले. त्याने ड्रॉवरमधून तो फोन काढून दाखवला. बटणांचा, जुना. बॅटरी फुगून झाकण उचकटलं होतं. त्या फोनमध्ये बिनवायरीने जोडायची सोयच नव्हती. मुळातच नव्हती.

दुसरं काम, रविवारी ताईला घेऊन मी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात गेले. तिचा फोन घरी ठेवायला लावला. माझाही घरीच ठेवला. मैदानाच्या मधोमध गाडी उभी केली. चारी बाजूंना शंभर पावलांत माणूस नाही, झाड नाही, खांब नाही.

तीनला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर एकही फोन नव्हता.

तीन वाजले...

'फोन २ जोडला.' सिग्नल पूर्ण.

 हिशोब साधा होता. हे यंत्र दहा मीटरपलीकडचं पकडत नाही. मधे भिंत असली तर त्याहून कमी. पूर्ण सिग्नल म्हणजे एक-दोन मीटर. बाहेर कुणी नव्हतं. पुढच्या दोन सीटवर आम्ही दोघी होतो.

मी आरशात बघितलं. मागची सीट रिकामी होती.

दोन रिंग झाल्या. थेंब सुरू झाले. ताईने वर्णन केलेलं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. नळ, कापड, टिकटिक, श्वास. मी घसा साफ केला आणि म्हणाले, "हॅलो. कोण बोलतंय?"

श्वास थांबला.

संपल्यासारखा थांबला नाही. रोखून धरल्यासारखा थांबला. कुणी दाराआड लपलं असावं आणि आपली चाहूल लागली असावी, तसा. मी मनात आकडे मोजत होते. वीस... तीस... चाळीस...

"आजोबा," ताई शांतपणे म्हणाली, "ही माझी बहीण आहे. घरचीच आहे."

आणि श्वास पुन्हा सुरू झाला.

परतताना मी तिला विनवलं. आपोआप उचलणं बंद कर. निदान लाल बटण दाब.

"त्या दिवशी मी उचलला नाही," ती म्हणाली. "आता उचलल्यावर कापू म्हणतेस?"

"काकूंना काही झालं तर?"

 ती म्हणाली, "माझा फोन मी मांडीवर ठेवीन. आवाज मोठा करून."

एवढ्यावर मला समाधान मानावं लागलं.

गुरुवारी तीन पंचवीसला मांडीवरचा फोन वाजला. टायपिस्ट काकू. ताईने तो उचलून कानाला लावला. आवाज येईना. फोन गाडीला जोडलेला, आणि गाडीच्या स्पीकरमधून नळ ठिबकत होता. त्यात मधेच काकूंचा आवाज आल्यासारखा झाला, तुटका, खोल विहिरीतून यावा तसा. शब्द कळेना.

एकच मार्ग होता. लाल बटण.

"आजोबा," ताई म्हणाली, "दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं हं. काकूंचा फोन आहे."

पलीकडे बोटांची नखं फरशीवर घासली गेली. एकदा. दोनदा. घाईघाईने.

तिने बटण दाबलं.

ती सांगते, दाबल्यावर लगेच आवाज बंद झाला नाही. आधी टिकटिक थांबली. एकेक करून नव्हे. सगळी घड्याळं एकदम. मग शांतता, आणि मग स्पीकरभर काकूंचा आवाज.

"स्टुलावरून पडलेय गं. पाय हलत नाही. दार आतून लावलंय."

ताई अकरा मिनिटांत पोचली. शेजाऱ्यांनी दार फोडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, रक्तदाब पार खाली गेला होता. डॉक्टर म्हणाले, तासाभराने आणल्या असत्या तर हाती लागल्या नसत्या.

काकू वाचल्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. काकू वाचल्या.

ताई परत गाडीत येऊन बसली तेव्हा साडेपाच वाजले होते. आजोबांना तिने दोनच मिनिटं सांगितली होती. पडद्यावर 'फोन २ जोडला' असंच होतं. पण काही वाजत नव्हतं.

शुक्रवारी तीनला ती थांबली. पडदा उजळला, फोन जोडला गेला. रिंग आली नाही.

शनिवारी नाही. रविवारी नाही. पूर्ण सिग्नल, एक रेघ बॅटरी, आणि नुसतं गप्प. कुणी पाठीमागे येऊन उभं राहावं आणि बोलू नये, तसं. ताई त्या पडद्याकडे बघत बसायची. "रागावलेत," एवढंच म्हणायची. तिचं जेवण पुन्हा सुटलं.

तेव्हा मी जे केलं, ते मला बरोबर वाटलं होतं.

काकूंच्या पायाचं ऑपरेशन होतं. ताई दिवसभर त्यांच्यापाशी बसणार होती. मी काहीतरी कारण सांगून तिच्याकडून गाडीची किल्ली घेतली आणि गाडी फिटरकडे नेली. त्याने स्टिरिओ काढला. स्पीकरच्या वायरी कापल्या. कापलेल्या टोकांना टेप मी स्वतः गुंडाळली, आठही. डॅशबोर्डवर जिथे स्टिरिओ होता तिथे काळी पट्टी ठोकून घेतली.

"चांगला चालत होता की," फिटर म्हणाला.

मी स्टिरिओ पिशवीत घातला आणि घरी आणून कपाटात ठेवला.

ताई चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. काळ्या पट्टीवरून तिने हात फिरवला आणि गाडी सुरू केली. पुढचे नऊ दिवस तिने तो विषय काढला नाही. कामावर वेळेवर जात होती. मला वाटलं, सुटलो.

दहाव्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. काकूंना बघायला निघालो होतो. बोलता बोलता तिने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

मी घड्याळ बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"ताई, चल," मी म्हणाले. "आता काय आहे इथे?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. मान किंचित मागे कलली होती, झोपलेल्या माणसाचं बोलणं ऐकावं तशी.

"किती दिवस?" मी हळूच विचारलं.

"तू काढून नेलास त्या दिवसापासून."

"काय म्हणतात?"

"तेच. पडल्यापासून शेवटपर्यंत. पण आता पावणेसहाला थांबत नाहीत." ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, हेच मला सहन झालं नाही. "पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. रात्रीसुद्धा. आधी मी कधीही कापू शकत होते गं. मी कापत नव्हते, ते वेगळं. कापायचं बटण तेवढं एकच होतं. ते तू काढून नेलंस."

मी काहीतरी बोलणार होते. कानांवरचा ताण, न झालेली झोप, असं काहीतरी. माझ्याकडे शब्द तयार होते.

तेवढ्यात मागच्या डाव्या दारातून...

एक थेंब पडला.

मी त्या दाराकडे बघत राहिले. त्या स्पीकरची वायर मी माझ्या हाताने गुंडाळली होती.

दुसरा थेंब.

आणि त्याच वेळी ताईच्या मांडीवरचा फोन वाजू लागला. खरा फोन. पडद्यावर तिच्या एका पेशंटचं नाव होतं. एक रिंग झाली. दोन झाल्या. तीन. ताईची नजर त्याच्यावर होती, पण ती त्याला बघत नव्हती.

"ताई, फोन."

"थांब," ती म्हणाली. "श्वास अडकलाय त्यांचा."

चार. पाच.

मी हात पुढे केला, तिच्या मांडीवरून फोन उचलला आणि कानाला लावला. पलीकडे एक म्हातारा माणूस विचारत होता, उद्याचं इंजेक्शन उपाशीपोटी घ्यायचं की जेवून. मी म्हणाले, विचारून सांगते.

स्टिरिओ परत बसवून बघितला. पडद्यावर फोन २ येतच नाही. लाल बटण दाबलं तर दाबलं जातं, बाकी काही होत नाही. ताईने काम सोडलेलं नाही. सोड म्हटलं तर म्हणते, माझी माणसं कुणाकडे जातील? जखमा बांधताना तिचा हात अजून हलत नाही. फक्त मधेच मान मागे कलते आणि ती हलक्या आवाजात म्हणते, "हो आजोबा. आहे मी."

प्रयोगशाळेत मी सकाळची पाळी मागून घेतली आहे. दुपारी अडीचला सुटते आणि ताईच्या शेजारी जाऊन बसते. आजोबांशी ती बोलते.

जिवंत माणसांचे फोन मी उचलते.